मुलं मोठी होतात

(सालेकसा येथे पालक, कार्यकर्ते आणि हितचिंतक यांच्या बैठकीत एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मी नोकरीभर सुई टोचताना "काही दुखत नाही, झालंच" असं म्हणत आले, तेव्हा माझ्या वेळेच्या हिशेबावर फार विश्वास ठेवू नका.

आधी एक सांगते. मागच्या बाकावर निळा सदरा घालून बसला आहे तो माझा मोठा भाऊ. वय ५९. त्याला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. मी काल त्याला विचारलं, "दादा, सभेत तुझ्याबद्दल सांगू का?" तो म्हणाला, "सांग. पण ते नको सांगू." ते म्हणजे काय, हे आम्हा दोघांना माहीत आहे. ते मी सांगणार नाही. बाकीचं सांगते.

आमच्या आईला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला गेला. तू काय केलं होतंस? ग्रहणात भाजी चिरली का, कोणाची हाय लागली का, पोटात असताना काय खाल्लं? शुभवर्तमानातली जन्मांध माणसाची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे शिष्यांनीच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापांचं? आणि प्रभूने दोघांचंही नाही असं सांगितलं. दोन हजार वर्षं झाली. तरी परवा मी एका अंगणात बसले असताना सासूने सुनेकडे बोट दाखवून मला तेच विचारलं. मी त्या बाईंना म्हटलं, आजी, तुमचा नातू जन्मल्यावर रडला नाही. श्वास घ्यायला वेळ लागला. तेवढ्यात मेंदूला प्राणवायू कमी पडला. ह्यात सुनेचं काय?

कारणं पुष्कळ असतात. बाळंतपण अडून राहणं, पहिल्या दिवसांतली जबर कावीळ, मेंदूपर्यंत गेलेला ताप. काही वेळा पेशींमध्येच फरक असतो, जसा डाऊन सिंड्रोममध्ये. काही वेळा कारण सापडतच नाही. कारण शोधणं डॉक्टरचं काम आहे, दोष शोधणं कोणाचंच नाही.

लवकर ओळखण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण आशाताईंनी ते तुम्हाला सांगितलंच असेल. गरोदर बाईला मिळतं ते माता-बाल संरक्षण कार्ड आपल्या घरी लशींच्या तारखांपुरतं उघडतं आणि मग पेटीच्या तळाशी जातं. त्या कार्डावर बाळाच्या वाढीचे टप्पे छापलेले आहेत. दोन महिन्यांत आईकडे बघून हसणं, चार महिन्यांच्या सुमारास मान धरणं, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षात चालणं. थोडं मागेपुढे होतं, त्याने घाबरू नका. पण बरंच मागे पडलं तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणत वर्ष घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी नेमकं आपलं लेकरू मायसोबत मोहफुलं वेचायला गेलेलं असतं. तारीख आधी विचारून ठेवा.

आणि मिरगीची गोळी मनाने बंद करू नका. झटके थांबले म्हणून गोळी थांबवली आणि मग असे झटके आले की पोर होतं तेवढंही मागे गेलं, असं मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलं आहे.

एक गोष्ट तपासणी करणाऱ्यांसाठी सांगते. घरात गोंडी बोलतात. शेजारी छत्तीसगडी. बाजारात हिंदी. आणि तपासायला बसवतात ते मराठीत. एका पाच वर्षांच्या पोरीला चित्र दाखवून विचारलं, हे काय? ती गप्प. कागदावर गुण कमी पडले. तिची आजी बाहेर बसली होती, तिने गोंडीत विचारलं तर पोरीने चारपैकी तीन चित्रं सांगितली. अक्षमता होतीच, पण कागदावर होती तेवढी नव्हती. तेव्हा तपासायला जाताना घरची भाषा बोलणारं माणूस सोबत न्या, आणि आत येऊ द्या असं सांगा. गोंदियाला एक फेरी म्हणजे एक मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, हे मला कळतं. म्हणूनच ती फेरी वाया जाऊ नये.

आता मी ज्यासाठी आले त्याकडे वळते. हे थोडं कडू लागेल, पण आपल्याच घरात बोलते आहे.

आपल्या त्रैमासिकाचे जुने अंक काल रात्री काढून बसले होते. प्रत्येक अंकात दिव्यांग लेकराचा एक तरी फोटो आहे. गोड चेहरा, नवा फ्रॉक, हातात पाटी. मी शोधत होते चाळिशीचा एखादा बाप्या, दाढी वाढलेला, तोंडातून लाळ गळणारा. एकही सापडला नाही. त्या फ्रॉकवाल्या पोरी गेल्या कुठे? कुठे गेल्या नाहीत. घरीच आहेत. मोठ्या झाल्या. फोटोला आणि देणगीला लहान लेकरू बरं वाटतं. माझ्या भावाला सहाव्या वर्षी सगळे उचलून घेत. सोळाव्या वर्षी मिसरूड फुटली आणि तेच लोक पोरी-बाळींना आत बोलावू लागले. तो तोच होता.

मुंबईत १९४४ साली वकील नावाच्या एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा काढली, ती आजची जय वकील शाळा. पुण्यात १९६४ साली कामायनी निघाली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी सुरू केली, त्यांचा स्वतःचा मुलगा असाच होता. म्हणजे सरकारच्या कायद्यांच्या कितीतरी आधी आईबापांनी रस्ता पाडला. पण जिथे जिथे शाळा निघाली तिथे तिथे पंधरा-वीस वर्षांनी एकच प्रश्न आला. मुलं मोठी झाली, आता काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंत दिला आहे. चांगलं आहे. पण आयुष्य काही अठराव्या वाढदिवसाला संपत नाही.

काम द्या. हे पहिलं. काम म्हणजे कारखान्यातली नोकरी नव्हे. आमच्याकडे एक मुलगा आहे, तेवीस वर्षांचा, दहापर्यंत मोजतो, पुढे गडबड होते. तेंदूच्या पुड्यात ७० पानं लागतात. त्याच्या मायने काय केलं? त्याच्यासमोर ओळीने सात गोटे मांडले. एकेका गोट्याजवळ दहा पानं ठेवायची. सगळ्या गोट्यांजवळ पानं झाली की गोळा करून बांधायची. त्याचा पुडा फडीवर कधी परत आला नाही. कुठल्या विशेष शिक्षकाने तिला हे शिकवलं नव्हतं. रोवणीच्या वेळी कोणी पेंढ्या बांधीपर्यंत नेऊन देईल, कोणी बकऱ्या राखेल, कोणी द्रोण लावेल. मजुरी मात्र त्याच्या हातात द्या, भावाच्या हातात नको. दहा रुपये कमी-जास्त झाले तर होऊ द्या.

मुलींबद्दल बोलायला आयांना लाज वाटते, म्हणून मीच बोलते. पाळी येणार. तिला आधीच शिकवा, कापड दाखवून, बाहुलीला बांधून, महिनाभर रोज. शिकतात. १९९४ साली पुणे जिल्ह्यात शिरूरच्या शासकीय गृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रिया करून काढली होती. स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी मोठा आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तुमच्यापैकी एकीने मला गेल्या वर्षी कानात हेच विचारलं होतं, "बाई, काढूनच टाकता येते का?" मी तिला रागावले नाही. तिच्या मनात पाळीची भीती नव्हतीच, दुसरीच होती. आपण रानात गेल्यावर घरी एकट्या राहिलेल्या पोरीला कोणी हात लावला तर, ही. पिशवी काढल्याने तो हात थांबत नाही. फक्त पुरावा राहत नाही. पोरीला "नको" म्हणायला शिकवा, आणि तिने कोणाला "नको" म्हटलं, मग तो मामा असो की काका, तर तिचं ऐका.

आता अठरा वर्षांनंतरची कागदं. हे लिहून घ्या.

मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाच्या नावे जमीन असेल, बँकेचं खातं असेल, तर आई म्हणून तुमची सही आपोआप चालत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे. त्याखाली जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. अर्ज तिथे करायचा. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तहसीलमधून मिळतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ग्रामसभेत उभं राहून विचारा, गेल्या वर्षीचे कुठे गेले? ह्या सगळ्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आधी लागतं.

आणि इथे जे शिक्षक, रेल्वेवाले, सरकारी नोकरीवाले बसले असतील त्यांना हात जोडून सांगते. तुमच्या अशा मुलाला तुमच्यामागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण त्याचं नाव आणि त्याचं प्रमाणपत्र तुम्ही हयात असतानाच कार्यालयात द्या. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांनी दिलं नाही, आम्हीही आठवण केली नाही. "त्याचं काय, आपण आहोत ना." पुढे मला किती जिने चढावे लागले ते इथे सांगत बसत नाही. चूक आमचीच होती.

विदर्भातल्याच एका माणसाबद्दल सांगते. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर नावाचं गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली लेकरं सांभाळली. कोणी रेल्वे स्थानकावर सापडलं, कोणी कचऱ्याच्या ढिगात. अंध, मूकबधिर, मतिमंद. शंभरावर मुलं, आणि सगळ्यांच्या कागदावर बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक अंध मुलगी स्पर्धा परीक्षा पास झाली, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं आणि यायलाच हवं होतं. पण मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. बालगृहाचा नियम असा की अठरा वर्षं झाली की मुलाने बाहेर पडायचं. ज्याला स्वतःचं जेवण वाढून घेता येत नाही त्याने कुठे जायचं? बाबांनी त्यांना बाहेर काढलं नाही. बेवारस दिव्यांगांना अठरानंतरही आहे त्याच घरी राहता यावं असा कायदा करा, म्हणून ते वर्षानुवर्षं सरकारला सांगत आले. जी मुलं कुठलीच परीक्षा पास होणार नाहीत, ती त्या घरी मोठी झाली. त्यांची बातमी येत नाही.

तिकडे डोंबिवलीजवळ खोणीला काही आईबापांनी मिळून 'घरकुल' उभं केलं, प्रौढ मुलांनी कायम राहावं म्हणून. पण सालेकसा तालुक्यात असं घर उद्या उभं राहणार नाही, आणि खरं सांगू, आपल्या प्रत्येक लेकराला गावापासून दूर नेऊन ठेवावं असं मला वाटतही नाही. त्याला ओळखणारी बोडी, ओळखणारी बैलजोडी, ओळखणारे लोक इथे आहेत. आपल्याला इथेच बघायचं आहे.

"आमच्यामागे ह्याचं कसं?" हा प्रश्न तुम्ही रात्री डोळे मिटून विचारता. मी तो दुसऱ्या बाजूने पाहिला आहे, म्हणून आमच्या घरचं सांगते.

आमची आई रोवणीच्या दिवसांत गेली, नागपूरच्या दवाखान्यात. आम्ही दादाला आत्याकडे पाठवून दिलं होतं. त्याला काय कळतं, उगाच रडेल, असं सगळ्यांचं म्हणणं. मीही त्यात होते, नर्स असून. माती झाल्यावर चार दिवसांनी त्याला घरी आणलं. तो आईला शोधू लागला. आधी स्वयंपाकघरात, मग परसात, मग बोडीवर. कोणीतरी "मामाच्या गावी गेली" म्हणालं. मग तो रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसू लागला. एक महिना. रोज त्या गाडीला माणसं उतरायची आणि तो एकटा परत यायचा. शेवटी मी त्याला कबरस्तानात नेलं आणि सांगितलं. तो तिथे बसून रडला. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनवर गेला नाही. त्याला कळत होतं. आम्हीच सांगितलं नव्हतं.

पण झोपेना. रात्र-रात्र जागा. मी गोळ्या दिल्या, डॉक्टर बदलले. तीन महिन्यांनी माझ्या भाचीने सहज म्हटलं, "आजी तर त्याला रोज टेसनं म्हणून दाखवायची." वडील गँगमन, त्यामुळे आईला ती पाठ. गोंदिया, गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव, पानियाजोब, डोंगरगड. डोंगरगड आलं की तो झोपायचा. चाळीस वर्षं ती हे करत होती आणि मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, माहीत नव्हतं. मी त्या रात्री म्हटलं. दरेकसाच्या बोगद्यापर्यंतच पोचलो.

म्हणून आज सगळ्या आयांना एकेक वही देणार आहोत. लिहिता येत नसेल त्यांच्या घरी आमची मुलगी येऊन लिहील. त्यात औषधाचं नाव आणि मात्रा तर लिहाच, पण हेही लिहा: कशाला घाबरतो, कोणता भात खातो, कोणाजवळ झोपतो, दुखलं तर कसं दाखवतो, न्हाणीत आधी पाय भिजवायचे की डोकं. तुमच्या डोक्यात जे आहे ते वहीत उतरवा. तुम्ही धडधाकट आहात तेव्हाच. आणि घरातल्या दुसऱ्या मुलांना ती वही वाचू द्या, पण "तुलाच सांभाळायचं आहे" असं दहाव्या वर्षी त्यांच्या गळ्यात बांधू नका. मला ते बांधलं होतं. मी दादावर प्रेम करते, पण लग्नाच्या बोलण्यात दोनदा तो विषय निघाला आणि दोनदा बोलणं मोडलं, हे मी विसरलेले नाही.

आता तो म्हातारा होतो आहे. पूर्वी अशी माणसं फार जगत नसत, आता जगतात. डोळ्यात मोतीबिंदू आहे. थायरॉइडची तपासणी करून घ्यावी लागते. डाऊन सिंड्रोमवाल्यांना तर चाळिशी-पन्नाशीतच विसरायला होऊ शकतं. वागणं बदललं की "त्याचं असंच आहे" म्हणून सोडून देऊ नका. एकदा दादाने दोन दिवस जेवणाचं ताट ढकललं. सगळे म्हणाले, हट्ट. दाढ किडली होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर मला विचारत होते, करायचं का? मला तीच शुभवर्तमानातली गोष्ट आठवली. पुढे लोक त्या माणसाच्या आईबापांना चौकशीला बोलावतात, आणि ते सांगतात की मुलगा वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. ते बिचारे भीतीपोटी बोलले. पण उत्तर बरोबर होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, त्यालाच विचारा. दादाने विचारलं, दुखेल का? गाडी दिसेल का? मग म्हणाला, एक डोळा कर, दुसरा बघू.

शेवटी मागणं. पैसे नाही मागत, ते दानार्पणाच्या वेळी पाळकसाहेब मागतील.

पिपरियाकडची एक माय आहे. तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा, अंथरुणावर. अकरा वर्षांत ती आठवडी बाजाराला गेली नाही. स्वतःच्या बहिणीच्या लग्नाला गेली नाही. माघी पौर्णिमेला सगळं गाव कचारगडला जातं, ती दारात बसून जाणारे ट्रॅक्टर मोजते. तिला मी विचारलं, काय हवं? मला वाटलं चाकाची खुर्ची म्हणेल. ती म्हणाली, "बाई, एक दिवस बाजार."

तीन तास. कोणीतरी तिच्या घरी तीन तास बसायचं. त्याला कूस कशी बदलून द्यायची, पाणी चमच्याने कसं पाजायचं, ठसका लागला तर काय करायचं, हे मी शिकवते, दोन बैठकांत येतं. भगिनी मंडळातून दोघी-दोघींनी एक घर घ्यायचं. तरुण संघाच्या मुलांनीसुद्धा, मुलग्यांना अंघोळ घालायला पुरुष माणूसच बरा. महिन्यातून एक बाजार. सध्या यादीत नऊ घरं आहेत आणि नावं चार आली आहेत. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे, पेन दोरीने बांधलं आहे कारण मागच्या वेळी गेलं.

आता थांबते. दादा दोनदा दारापर्यंत जाऊन आला. आम्हाला परतीची गाडी पकडायची आहे, आणि धानोली यायच्या आत त्याला खिडकी लागते.